डिपुटी येणार, शाळा सारवा! घरच्या शाळेची फाइल आणि मोजमापाची दोनशे वर्षं

आजचा एपिसोड माझ्या ताईच्या एका फोनमुळे झालाय.

ताई इंदापूर तालुक्यात असते, भिगवणच्या बाजूला, उजनीच्या पाण्यापासून जवळ. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, दहा वर्षांची. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाली आणि नंतर घरच्या काही अडचणींमुळे ती परत गेलीच नाही. ताईचं डी.एड. झालंय, त्यामुळे तिनं घरीच शिकवायला घेतलं. आता येत्या जूनमध्ये पोरीला पाचवीत घालायचंय. मुख्याध्यापकांना भेटून आली, तर ते म्हणाले, "वर्षभरात काय काय केलं ते घेऊन या, बघूया." एवढंच. पण ताईची झोप उडाली. कारण सासरकडचे तीन वर्षं म्हणतायत की हिनं पोरीचं वाटोळं केलं. लगेच मला फोन. "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मग एक चांगला फॉरमॅट काढून दे. फाइल अशी झाली पाहिजे की कुणी बोट ठेवता कामा नये."

मी शोधायला बसलो. सगळ्यात पहिल्यांदा सापडली अमेरिका. तिथल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९८८ पासून कायदाच आहे. मूल घरी शिकत असेल तर पालकांनी वर्षभराची संचिका ठेवायची. त्यात कोणती पुस्तकं, कोणतं साहित्य वापरलं याची तारखेनुसार नोंद आणि मुलाच्या कामाचे नमुने. तिसरी, पाचवी आणि आठवीला एक प्रमाणित चाचणी. वर्षाच्या शेवटी पात्र शिक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ मुलाशी बोलतो, संचिका बघतो आणि लिहून देतो की शिक्षण नीट चाललंय.

आपल्याकडे असं काही नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात घरी शिकणाऱ्या मुलांची दरवर्षी तपासणी करा असं कुठंही म्हटलेलं नाही. घरी शिकलेली मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या म्हणजे एनआयओएसच्या परीक्षा देतात, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसतात. आणि शाळेबाहेर राहिलेलं मूल शाळेत आलं तर त्याला वयानुसार वर्गात घ्यायचं, मागे पडलं असेल तर खास प्रशिक्षण द्यायचं, असं हाच कायदा सांगतो. म्हणजे कायद्यानं बघितलं तर भाचीला पाचवीत प्रवेश मिळणारच होता. हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "कायदा तुझ्या मोबाईलमध्ये आहे रे. मला तिथं खुर्चीवर बसून उत्तरं द्यायचीत."

मग एका शनिवारी मी बारामतीहून तिच्याकडे गेलो. फाइल बघितली. कसली भारी! उजनीवर हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांची वही, तारखा टाकून, चित्रं काढून. डेअरीच्या दूध पावत्या चिकटवून केलेला हिशोब: लिटर, फॅट, दर, आठवड्याची बेरीज. दाजींच्या उसाचा नकाशा. शुद्धलेखन. पाढे. सगळं प्लास्टिकच्या कव्हरात, अक्षर मोत्यासारखं.

आणि पलंगाखाली एक पिशवी. त्यात बाकीचं सगळं. भागाकाराची एक अख्खी वही, लाल खुणांनी भरलेली. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत पोरीला भागाकार येत नव्हता. पाच महिने. मी विचारलं, हे फाइलमध्ये का नाही? ताई म्हणाली, "चुकांचं प्रदर्शन मांडू का? जानेवारीत आला की तिला भागाकार. तेवढी दोन पानं लावलीत."

त्या पिशवीनं माझं डोकं खाल्लं. कारण मीसुद्धा दर मार्चमध्ये कंपनीत अप्रेझलचा फॉर्म भरतो, आणि मीही अगदी हेच करतो. मग मी या गोष्टीचा इतिहास वाचायला घेतला. कुणीतरी वर्षातून एकदा येऊन आपल्याला मोजणार, ही भानगड सुरू कधी झाली? आणि मोजणाऱ्याला खूश करायच्या नादात नेमकं काय बिघडतं?

या दुसऱ्या प्रश्नाचा एक जबरदस्त धडा चक्क ताईच्याच तालुक्यात घडलाय. फक्त तिथं मोजत होते जमीन. म्हणून आधी तिथून सुरुवात करू, मग शाळेत जाऊ.

पेशवाई १८१८ मध्ये गेली. इंग्रजांना शेतसारा ठरवायचा होता. रॉबर्ट प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं दख्खनमध्ये पाहणी केली. त्याची कल्पना कागदावर एकदम हुशार होती. प्रत्येक प्रकारच्या जमिनीत किती पिकतं ते काढायचं, त्यातून शेतकऱ्याचा खर्च वजा करायचा, आणि जे निव्वळ उरतं त्याचे ५५ टक्के सरकारनं घ्यायचे. आकडा नेमका, हिशोब शास्त्रशुद्ध. पण हे आकडे गोळा करणार कोण? खालचे कर्मचारी. त्यांनी बरेच आकडे बसल्या जागी लिहिले, लाच खाऊन फिरवले. त्यात धान्याचे भाव पडले. कागदावर जमीन भरपूर देत होती आणि प्रत्यक्षात शेतकरी सारा भरू शकत नव्हता. लोकांनी जमिनी टाकल्या, गावं सोडली. इंदापूर भागात शेतच्या शेतं पडीक झाली.

मग १८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड हा अधिकारी आणि त्याच्याबरोबर जॉर्ज विंगेट, नॅश हे लष्करी इंजिनिअर इंदापुरात कामाला लागले. त्यांनी काय केलं बघा. निव्वळ उत्पन्न पैशापर्यंत अचूक काढायचा नाद सोडून दिला. जमिनीच्या साध्या नऊ प्रती पाडल्या. आणि गावाची मागची दप्तरं काढली: गेल्या इतक्या वर्षांत किती जमीन लागवडीखाली होती, सारा किती लावला होता, प्रत्यक्ष किती वसूल झाला, कोणत्या वर्षी लोक मोडले. त्यावरून झेपेल असा दर ठरवला. हा बंदोबस्त १८३६ मध्ये लागू झाला आणि दर ३० वर्षांसाठी पक्का केला. म्हणजे मधे शेतकऱ्यानं विहीर पाडली, बांध घातला, पीक वाढलं, तरी सारा वाढणार नाही. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली, आणि इंदापूरची ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली.

इंग्रज फार दयाळू होते असं मी म्हणत नाहीये हां. त्यांना सारा हवाच होता. पण यातनं दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. एक, एका दिवसाच्या नेमक्या आकड्यापेक्षा अनेक वर्षांची नोंद जास्त खरं सांगते, आणि त्या नोंदीत वाईट वर्षंही असावी लागतात. दोन, मोजमापाच्या जोरावर माणसाला चेपायला लागलात की तो तुम्हाला खरा आकडा देतच नाही.

आता हेच घेऊन शाळेत जाऊया.

त्याच काळात गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत, नाहीतर कुणाच्या पडवीत. १८२० च्या दशकात एल्फिन्स्टनच्या सांगण्यावरून मुंबई इलाख्यातल्या शाळांची माहिती गोळा केली, तेव्हा सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजार मुलं निघाली. मुली जवळजवळ नाहीतच, आणि दलित मुलांना तर दारही बंद. हे विसरून त्या शाळांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण परीक्षेच्या बाबतीत एक गोष्ट बघण्यासारखी होती. तिथं वार्षिक परीक्षा नव्हती. धुळपाटीवर अक्षर गिरवायचं, रोज संध्याकाळी मोठ्यानं उजळणी, पावकी, निमकी. पुढे गेलेलं पोर मागच्याला शिकवायचं. मोडी वाचता आली, हिशोब जमला की पोरगा शाळेतून बाहेर. पंतोजीला रोज कळायचं कोण कुठे अडलाय, कारण उजळणीच्या आवाजातच ते ऐकू यायचं.

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. खातं आलं की तपासनीस आले. डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे लोकांच्या तोंडी डिपुटी. मग १८६२ मध्ये इंग्लंडात एक नियम निघाला: शाळेला अनुदान निकालावर. इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाला वाचन, लेखन, गणित विचारणार, पास झालेल्या डोक्यांवर पैसे. तिकडचे कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा तपासनीस होते आणि त्यांनी या पद्धतीवर सडकून टीका केली, कारण शाळा परीक्षेपुरतं यांत्रिक पाठांतर घोटून घ्यायला लागल्या. तरी १८६० च्या दशकातच निकालावर अनुदान ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली. ती जायला विसावं शतक उजाडावं लागलं, कर्झनच्या काळात.

आमचे आजोबा १९५० च्या आसपास शाळेत होते. म्हणजे ही पद्धत जाऊन कित्येक वर्षं झालेली. तरी ते सांगायचे, साहेब येणार कळलं की आधी शाळा सारवायची, तोरण लावायचं, हुशार पोरं पुढच्या रांगेत. आणि 'ढ' पोरांना? त्या दिवशी घरी थांबायला सांगायचे. अनुदानाचा नियम गेला, पण सवय राहिली. आजोबांना दोनदा घरी थांबवलं होतं. ही गोष्ट ते हसत सांगायचे, पण प्रत्येक वेळी सांगायचे.

आता या सगळ्यातला महत्त्वाचा टप्पा, १८८२. शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला होता. त्याच्यापुढे पुण्यातून दोन आवाज पोहोचले.

पहिला जोतीराव फुल्यांचा. त्यांचं लेखी निवेदन १९ ऑक्टोबर १८८२ चं आहे. प्राथमिक शिक्षण आधी, शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, हे मुद्दे आपण ऐकलेले असतात. पण त्यात तपासणीबद्दलही आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: डिपुटी वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा शाळेला फारसा उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी. आणि अधूनमधून न कळवता यावं. गावच्या अधिकाऱ्यांवर भरवसा नको, त्यांच्यामागे शंभर कामं असतात आणि त्यांची परीक्षा वरवरची होते.

लक्षात घ्या, फुले तपासणीच्या विरोधात नाहीत. त्यांनी स्वतः आपल्या मुलींच्या शाळांच्या जाहीर परीक्षा पुण्यात भरगच्च गर्दीसमोर घेतल्या होत्या, कारण मुली शिकू शकतात हे लोकांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. त्यांची तक्रार वर्षातून एकदा सांगून येणाऱ्या तपासणीबद्दल आहे. त्या एका दिवशी सारवलेली जमीन दिसते, शाळा दिसत नाही. आणखी एक मजा: मुलांना काय शिकवावं याची त्यांची यादी बघा. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशोब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य. भाचीच्या फाइलमधल्या दूध पावत्या आणि उसाचा नकाशा या यादीत आरामात बसतात!

दुसरा आवाज पंडिता रमाबाईंचा. त्यांचा जन्म १८५८ चा. आज आपण होमस्कूलिंग म्हणतो ना, त्याचं यांच्याइतकं ठळक उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष घेतला. त्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, रमाबाईंना शिकवलं, तेही एका जागी नाही, तीर्थयात्रेत गावोगाव फिरताना. दुष्काळात आईवडील गेले. भाऊबहीण चालत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथं पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. तिच्याकडे ना दाखला होता, ना फाइल. होतं ते सगळं तोंडात आणि डोक्यात.

चार वर्षांनी याच रमाबाई हंटर आयोगापुढे साक्ष देतात आणि सांगतात की मुलींसाठी बायका शिक्षिका हव्यात, आणि तपासायलाही बायकाच हव्यात. मला यातलं हे फार पटतं. जिची स्वतःची परीक्षा एवढ्या दणक्यात झाली, तिला माहीत होतं की मोजणारा कोण आहे यानं फरक पडतो. शिकणारीकडे चुका शोधायला बघणारा वेगळा आणि ती कुठे अडलीय हे समजून घेणारी वेगळी.

तिथून एकदम आपल्या पिढीत या. २० ऑगस्ट २०१० ला महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आला. निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, सगळं वर्षभर बघायचं आणि मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या. वाचताना वाटतं, अरे, फुल्यांना हवं होतं त्याच्याही पुढचं! पण तुमचं प्रगतीपुस्तक आठवा. किती जणांच्या पुस्तकात एकच वाक्य होतं? एका वर्गात पन्नास मुलं, वर बाकीचे अहवाल. शिक्षक तरी काय करणार, नोंदींची तयार पुस्तकं बाजारात मिळायची. पुढे २०१९ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, नापास झालं तर पुनर्परीक्षा. म्हणजे भाची पाचवीत गेली की त्याच वर्षी तिची ही परीक्षा आहे.

हे सगळं वाचून मी ताईला फोन केला. म्हटलं, ताई, ती पिशवी फाइलमध्ये घाल. ती चिडली. "तुला काय जातंय? तुझी पोरगी आहे का?" मी तिला प्रिंगल आणि गोल्डस्मिड सांगितला, तिच्या तालुक्याचा. म्हटलं, जानेवारीची दोन पानं बघून त्या सरांना एवढंच कळेल की हिला भागाकार येतो. ऑगस्ट ते जानेवारी बघून कळेल की ही पाच महिने अडली, कुठे अडली, तू काय बदललंस आणि मग कशी सुटली. पुढे अपूर्णांकात अडली तर त्यांच्या हातात काहीतरी असेल. फाइल सारवलेली असेल तर पाचवीच्या बाई शून्यापासून सुरू करतील. ताई गप्प झाली. मग म्हणाली, "आणि त्यांनी त्यावरून तिला मागे टाकलं तर?"

प्रश्न बरोबर आहे. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. चुका दाखवायला समोरचा माणूस तसा लागतो. म्हणून मी फक्त एवढं म्हणालो की कायदा तिच्या बाजूनं आहे, आणि त्या दिवशी मी सोबत येतो.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. पिशवीत एक पान वेगळ्याच अक्षरातलं होतं. सातचा पाढा, वेडावाकडा. मी विचारलं तर भाची म्हणाली, "मामा, ते माझं नाही. टोळीतल्या पोरीचं आहे. मी शिकवला तिला." दाजींच्या उसाला बीडकडची टोळी आली होती. तुम्ही बारामती-इंदापूरचे असाल तर दिवाळीनंतर कारखान्यांच्या आजूबाजूला कोप्या उठतात हे तुम्हाला सांगायला नको. त्या मुलांचं अर्धं वर्ष एका गावात, अर्धं दुसऱ्या. त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक नावाची गोष्ट आहे. मूल जिथं जाईल तिथल्या शाळेला ते दाखवायचं, म्हणजे आधी काय शिकलंय ते कळून पुढचं चालू करता येतं. फिरती संचिकाच म्हणा ना. भाचीनं त्या पोरीला विचारलं होतं, तुझं पत्रक कुठाय? तिला असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

आमच्याकडे प्लास्टिकच्या कव्हरांवर वाद चालला होता आणि तिच्या वर्षभराच्या अभ्यासाचा आम्हाला दिसलेला एकमेव कागद आमच्या पलंगाखाली होता. मार्चमध्ये टोळी निघाली तेव्हा ताईनं त्या पोरीच्या आईला एक साधी वही दिली. तिला कुठवर पाढे येतात, काय वाचता येतं, तारखा टाकून दोन पानं लिहिली. शिक्का नाही, सही ताईची. तिकडच्या शाळेत ती कुणी उघडली का, ते आम्हाला कळायला मार्ग नाही.

ताईनं फाइल परत उघडली. भागाकाराची वही आता मध्यभागी आहे, लाल खुणांसकट. वर भाचीच्या अक्षरात एक चिठ्ठी: "हे मला आधी येत नव्हतं." ही चिठ्ठी ताईनं लिहायला सांगितली नव्हती.

जूनमध्ये काय होतं ते कळवतोच. तोवर तुमच्या शाळेत साहेब येणार म्हटल्यावर काय काय सारवलं जायचं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. आणि कुणाला घरी थांबवलं असेल, तर तेही सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!